मुलाचे समुपदेशन सुरू असताना पालकांनी काय तपासावे

औषधाचे दुष्परिणाम असतात हे आपण धरूनच चालतो. समुपदेशनाबाबत मात्र ‘नुसते बोलणेच तर आहे’ म्हणून मोकळे होतो. ब्रिटनमधील आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्गातल्या माइंडफुलनेसच्या (चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या) पाठांचा एकंदर फायदा दिसला नाही आणि ज्यांना आधीपासून मानसिक त्रासाचा धोका जास्त होता त्यांच्या तक्रारी किंचित वाढल्या. उपचार टाळावेत असा याचा अर्थ नाही. त्यांच्यावर लक्ष ठेवावे एवढाच आहे.

कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत पाटी पाहून आत शिरण्यापूर्वी पात्रता विचारावी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो क्रमांक मागण्यात संकोच नको. पहिल्याच भेटीत निदान काय, पद्धत कोणती, साधारण किती बैठका लागतील, हे विचारावे आणि त्यानंतर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारावा : ‘उपयोग होत नाही हे तुम्ही कशावरून ओळखाल?’ या प्रश्नाचा ज्याला राग येतो, त्याच्याकडे मूल न सोपवणे बरे.

दंगेखोर मुलांना एकत्र बसवून घेतलेल्या गटांत ती एकमेकांकडून नको ते शिकतात, असे अमेरिकेतील संशोधकांनी 1999 मध्येच दाखवले होते. 2019 किंवा 2021 च्या महापुरासारख्या प्रसंगानंतर मुलाला एकाच बैठकीत घडलेले सारे तपशीलवार सांगायला लावणेही टाळावे. अशा बैठकीने पुढचा त्रास टळत नाही, काही चाचण्यांत तर तो वाढलेला आढळला. मूल आपणहून बोलले तर ऐकावे, खोदून विचारू नये.

घरी एक साधी वही ठेवावी. झोप, जेवण, शाळेतली हजेरी आणि मित्रांकडे जाणे यांची आठवड्याला एक ओळ पुरे. उपचारात थोडा त्रास अपेक्षित असतो : सतत हात धुणाऱ्या मुलीला न धुता थांबायला सांगितले की ती रडणारच, आणि तोच तिचा उपचार असतो. मात्र असा त्रास काही आठवड्यांत ओसरू लागला पाहिजे. त्याउलट मूल दिवसभर स्वतःच्याच मनाची तपासणी करू लागले, ‘मला डिप्रेशन आहे, मला जमणार नाही’ म्हणत तालीम, खेळ, मित्र सोडू लागले, तर वही घेऊन समुपदेशकाकडे जावे. (परतताना गाडीवर ‘आमच्याबद्दल काय सांगितलंस?’ ही उलटतपासणी मात्र करू नये. तिने बैठकीचा उरलासुरला उपयोगही जातो.)

नैराश्यावरील औषधे सुरू असतील तर पहिले काही आठवडे विशेष सावध राहावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये लहान व किशोरवयीन मुलांबाबत आत्महत्येच्या विचारांचा ठळक इशारा त्यांवर छापायला लावला. तरीही औषध मनाने एकदम बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

‘हे घरी सांगू नकोस’ असे बजावणे, वेळेबाहेर एकट्याने भेटायला बोलावणे, नकोसा स्पर्श किंवा मुलाचा लैंगिक कल ‘बदलून देण्याची’ हमी, यांपैकी काहीही आढळले तर बैठका त्याच दिवशी थांबवाव्यात. हमी देणारा डॉक्टर असेल तर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरतो. अन्य कारणाने समुपदेशक बदलायचा असल्यास आधीच्या नोंदींची प्रत मागून घ्यावी आणि मुलाला एक निरोपाची भेट मिळू द्यावी. मूल मरणाची भाषा बोलू लागले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता थेट कोल्हापूरचे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय गाठावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही चालू असतो.