टोकियोच्या गर्दीत डोंबिवलीचं काही चालत नाही

माझी चुलतबहीण फेब्रुवारीत एकटी टोकियोला चाललीय. "ताई, गर्दीचं काय गं?" असं तिने विचारलं, तेव्हा तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय. गेल्या नोव्हेंबरात मी सोळा दिवस जाऊन आले. सात वर्षं डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडलेली, तेव्हा गर्दीची भीती मला कोण घालणार, अशा तोऱ्यात गेले होते.

सगळ्यात आधी दाराशी जागा धरून ठेवायची सवय सोड. मी मावसबहिणीकडे निशी-कासाईला उतरले होते. तो एदोगावा वॉर्ड. २०१९ मध्ये तिथल्या नगरसभेवर योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला. आपली वस्तीही तिथे बरीच. तूरडाळ, कढीपत्ता सगळं मिळतं, त्यामुळे पहिले तीन दिवस परदेशात आल्यासारखं वाटलंच नाही. सोमवारी सकाळी आठला तोझाई या मेट्रो लाइनने निघाले. करोनाआधी ऐन गर्दीच्या तासाला या लाइनवर क्षमतेच्या जवळपास दुप्पट माणसं असायची. दुप्पट म्हणजे आपल्याकडे डबा रिकामाच की! मी दाराशी पाय रोवून उभी राहिले.

कायाबाचो स्टेशन आलं. आतले लोक उतरायला निघाले आणि मी अंग आखडून दाराला चिकटले. कुणी रेटा दिला नाही, कुणी "उतरणार का?" विचारलं नाही. माझ्या शेजारचे चौघे गुपचूप फलाटावर उतरले, दाराच्या कडेला उभे राहिले आणि उतरणारे संपल्यावर सर्वांत आधी आत येऊन आपापल्या जागी उभे राहिले. वाटेत बसलेल्या म्हशीसारखी मध्ये उरले ती मी एकटी. तेव्हा दाराजवळ असलीस तर प्रत्येक मोठ्या स्टेशनला बिनधास्त खाली उतर. जागा जात नाही. फलाटावर रांगेच्या खुणा रंगवलेल्या असतात, त्यांच्यावरच उभी राहा. सॅक पोटावर घे, फोन सायलेंट ठेव. आईचा फोन आला तर उचलू नकोस. "गाडीत आहे" एवढं कुजबुजले, तरी मला ओशाळायला झालं.

लेडीज डबा तिथेही आहे. फलाटावर आणि काचेवर गुलाबी पट्टी असते. पण बहुतेक लाइनींवर तो फक्त कामाच्या दिवशी, सकाळच्या ठरावीक वेळेपुरता, त्यामुळे पट्टीवरची वेळ वाच. आत कानातली विकणारी मावशी नाही, भाजी निवडणं नाही, भांडण नाही. इतक्या बायका आणि इतकी शांतता मी बारावीच्या परीक्षेनंतर तिथेच पाहिली.

गर्दीत कुणी हात लावला तर? होतं तिथेही, म्हणून तर हे डबे आले. अशा माणसाला 'चिकान' म्हणतात. आपल्या चिकनमुळे शब्द विसरणार नाहीस. आपल्यासारखं खणखणीत ओरडता आलं तर उत्तमच. घशातून आवाज फुटला नाही तर टोकियो पोलिसांचं 'डिजी पोलीस' हे ॲप आधीच उतरवून ठेव. बटण दाबलं की मदत मागणारा जपानी मजकूर स्क्रीनवर येतो, तो शेजारणीला दाखवायचा. पोलिसांचा नंबर ११०.

शिंजुकू स्टेशनवर हरवशीलच, ते गृहीत धर. करोनाआधी तिथे रोज पस्तीस लाखांच्या आसपास माणसांची ये-जा होती आणि बाहेर पडायचे रस्ते दोनशेच्या वर आहेत. गाडीतून उतरायच्या आधीच कुठल्या एक्झिटने बाहेर पडायचं ते नकाशावर बघून तळहातावर लिही. चुकलीस तर वाटेत थबकू नकोस, खांबाच्या आडोशाला जा. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं. ओसाकाला गेलीस तर उजवीकडे. का, ते विचारू नकोस.

खाण्याचं थोडक्यात: भाजीच्या सुपातही बऱ्याचदा माशाचं पाणी असतं. थेपले ने.

मला खरा धक्का बसला तो वेगळाच. अकराव्या दिवशी लक्षात आलं, मावसबहीण सोडून आपण कुणाशीच दोन वाक्यांपलीकडे बोललेलो नाही. लाखो माणसांत दिवसभर खांद्याला खांदा, आणि नजर कुणाचीच वर नाही. त्या रात्री मी डोंबिवली फलाटावरच्या अनाउन्समेंटचा व्हिडिओ लावून ऐकला. हस खुशाल.

यावर मला सापडलेला उपाय म्हणजे सेंतो, गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर. साडेपाचशे येनच्या आसपास. बायकांची बाजू वेगळी असते, पण अंगावर कपडा नाही, हे आधीच सांगते. मी पहिल्या दिवशी दारातून परत फिरले होते. दुसऱ्या दिवशी गेले. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंग धुवायचं, मगच कुंडात उतरायचं. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. पाणी कढत होतं, मी गळ्यापर्यंत बुडाले, आणि शेजारच्या सत्तरीच्या आजी एकदम काहीतरी बोलल्या. कळेना. त्यांनी माझ्या वेणीकडे बोट दाखवलं, शेपटा पाण्यात तरंगत होता. मग मनगटातलं रबर काढलं, मला पाठमोरी वळवलं आणि दोन वेढ्यांत घट्ट अंबाडा बांधून दिला. पुढची दहा मिनिटं त्या जपानीत आणि मी मराठीत बोलत होतो. रबर अजून माझ्याकडेच आहे.