एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी पडल्याचं कळवणारा पट्टा कसा बनवायचा

पडताना लागलेल्या मारापेक्षा नंतर तासन्‌तास जमिनीवर पडून राहणं कित्येकदा जास्त महागात पडतं, अंगाखाली दबलेले स्नायू खराब होऊन किडनीवर ताण येतो, पाणी मिळत नाही, थंडीत अंग गार पडतं. म्हणून डिझाइन करताना एकच प्रश्न धरून चला, पडल्यावर किती मिनिटांत माणूस घरात पोचेल?

त्यासाठी पहिलं काम शेजाऱ्यांशी बोलण्याचं. पट्ट्याला पडल्याचं कळलं की हॉलमध्ये ठेवलेला डबा आपोआप फोन लावतो, त्या कॉलच्या यादीत पहिला नंबर समोरच्या दारातल्या काकूंचा, दुसरा खालच्या मजल्यावरचा, मुलगा-मुलगी दुसऱ्या शहरात असतील तर त्यांचा नंतर, आणि ११२ कोण लावणार तेही आधीच ठरवा. दाराची कडी मात्र नक्की बघा, आतून कडी असेल तर काकू येऊन बाहेरच उभ्या राहतील. बाहेरून चावीने उघडेल असं लॅच बसवा आणि एक चावी शेजारी द्या.

मग पट्टा कुठे बांधायचा ते ठरवा. मनगट नको, ताट-वाट्या घासताना, टाळ्या वाजवताना हात इतका हलतो की खोटे अलार्म येत राहतात. गळ्यातलं लॉकेट झुलतं त्यामुळे अंग आडवं आहे की उभं ते नीट कळत नाही. कंबर सगळ्यात बरी, मऊ इलॅस्टिकचा पट्टा साडीच्या आत किंवा पायजम्याच्या नाडीजवळ बसतो. आजींना विचारून करा हो, टोचला तर दोन दिवसांत कपाटात जाईल. पट्ट्यातलं सर्किट ठेवायची डबी आयपी६७ दर्जाची, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारी घ्या कारण बाथरूममध्ये पट्टा काढून ठेवला तर नेमका तिथेच उपयोग नाही.

सामान फार नाही. पट्ट्यात हालचाल मोजणारा एडीएक्सएल३४५ सेन्सर, ईएसपी३२ (वायरलेस असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड), छोटी लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, बझर आणि एक मोठं बटण. हॉलमध्ये दुसरा ईएसपी३२ असलेला डबा, त्याला फोन लावायला सिमचं मॉड्यूल आणि बॅटरी बॅकअप. दोन्ही ईएसपी-नाऊने, म्हणजे बोर्डांच्या थेट वायरलेस जोडणीने बोलतात, राउटर लागत नाही, त्यामुळे लाइट गेली तरी चालतं. घराबाहेर हे चालणार नाही, पण आपला विषय घरात एकटं असण्याचा आहे. सिम मॉड्यूल ४जी घ्या, २जीवाल्यात जिओ चालत नाही. चार्जिंगचा टीपी४०५६ बोर्ड मुळात १ अँपिअर देतो, ५०० एमएएचच्या बॅटरीला ते जास्त होतं, त्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ४ किलोओहमचा लावला की साधारण ३०० मिलिअँपिअर मिळतात.

आता लॉजिक, म्हणजे पडणं कसं ओळखायचं. सेन्सरने तिन्ही अक्षांवर मोजलेल्या प्रवेगाचे वर्ग करून बेरीज, त्याचं वर्गमूळ, माणूस स्थिर असताना हे १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं येतं. पडताना क्षणभर ०.६ च्या खाली जातं, आदळल्यावर २.५ च्या वर उसळतं. एडीएक्सएलमध्ये फ्री-फॉल इंटरप्ट (खाली पडायला लागताच दिलेला इशारा) तयार असतो, तो बॅटरी वाचवायला झोपवलेल्या ईएसपी३२ ला उठवतो. डीप स्लीप (गाढ झोप) वापरू नका, बोर्ड बूट होईपर्यंत आदळणं होऊन जातं, लाइट स्लीप (हलकी झोप) ठेवा. आदळल्यावर दहा सेकंद कोन बघा, धड ६० अंशांपेक्षा जास्त कललेलं राहिलं तरच अलार्म. पूर्ण निश्चल असण्याची अट घालू नका, पडलेला माणूस उठायची धडपड करतो. मांडी घालून जमिनीवर बसलं तर धड उभंच राहतं, तिथे हा कोन वाचवतो.

अलार्म लगेच पाठवू नका, आधी पट्ट्यात ३० सेकंद बझर, बटण दाबलं तर रद्द. नाहीतर डबा कॉल लावतो, मेसेज नाही, रात्री मेसेज कोण बघतं? नुसतं बटण दाबून धरलं तरी कॉल जायला हवा, कारण भिंतीला धरून हळूहळू घसरत खाली बसलेला माणूस सेन्सरला पडल्यासारखा दिसतच नाही. शिवाय पट्ट्याने दर पंधरा मिनिटांनी डब्याला हजेरी द्यावी, ती थांबली की डबा वाजतो, म्हणजे बॅटरी संपली हे वेळेत कळतं.

टेस्टिंग तरुण माणसाने जाड गादीवर पडून करायचं, आजी-आजोबांना कधीच पाडून बघू नका. त्यांच्याकडून फक्त रोजचं करून घ्या, खाटेवर आडवं होणं, सोफ्यावर धपकन बसणं, वाकून झाडणं, आणि ते आकडे सेव्ह करून मर्यादा जुळवा. तरुण माणूस जोरात पडतो, म्हातारं माणूस बऱ्याचदा हळू, तेव्हा आदळल्याची मर्यादा २.५ वरून २ वर आणावी लागली तर आणा, दोन-चार खोटे बझर परवडतात. शेवटी बाथरूमचं दार बंद करून आतून बटण दाबा आणि काकूंचा फोन वाजतो का बघा.