महिलांची १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक: ५० मीटरच्या तलावात शर्यत कशी पोहावी

पोहण्याच्या चारही प्रकारांत ब्रेस्टस्ट्रोक सर्वांत संथ. पाय ओढून घेताना मांड्या पाण्याला आडव्या येतात आणि प्रत्येक स्ट्रोकमध्ये (हात ओढणं आणि किक मिळून एक फेरी) वेग एकदा तरी पडतोच. त्यामुळे या शर्यतीत जोर लावण्याइतकंच महत्त्व अडथळा कमी करण्याला आहे. २५ मीटरच्या तलावात सराव करणाऱ्या मुलींना हे उशिरा कळतं. तिथे १०० मीटरमध्ये तीन टर्न, म्हणजे भिंतीपाशी वळणं, मिळतात, भिंतीचा धक्का तीनदा मिळतो. ५० मीटरच्या तलावात टर्न एकच, बाकी सगळं अंतर हातापायांनीच कापायचं. दोन्हींच्या वेळांची सरळ तुलना करू नका.

पाण्यात उतरण्याआधी

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सूट मान्यताप्राप्त कापडाचाच लागतो. तो खांद्यापलीकडे आणि गुडघ्याखाली जाता कामा नये. नवा घट्ट सूट चढवायला वीसेक मिनिटं सहज लागतात, म्हणून कॉल रूमच्या (शर्यतीआधी पोहणाऱ्यांना जमवतात ती खोली) वेळेतून मागे मोजून सुरुवात करा. मांडीजवळ सूट नीट वर ओढलेला नसेल, तर किकसाठी पाय उघडताना तो आवळतो. ब्लॉकवरची (उडी मारायच्या चौथऱ्यावरची) पाय टेकवायची मागची पट्टी सरावातल्याच खाचेत आहे ना, हे शिट्टी होण्याआधी तपासा.

पुलआउट: इथे सर्वांत जास्त वेळ वाचतो

पुलआउट म्हणजे सुरुवातीनंतर आणि टर्ननंतर पाण्याखाली केलेला लांब स्ट्रोक. त्यात एकदाच हात मांड्यांपर्यंत ओढता येतात, आणि पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकच्या आधी एकच डॉल्फिन किक (दोन्ही पाय जुळवून वरखाली मारलेली) मारता येते. दुसरी मारली की बाद. इतर प्रकारांत असते तशी पाण्याखाली १५ मीटरची मर्यादा या प्रकाराला नाही, पण म्हणून खाली रेंगाळू नका.

क्रम असा: हात कानांमागे घट्ट, हनुवटी आत, शरीर ताठ. वेग पोहण्याच्या वेगाच्या जवळ येऊ लागला की हात वेगळे करताना डॉल्फिन किक मारा आणि लगेच हात मांड्यांपर्यंत ओढा. तिथे क्षणभर थांबा. मग हात पोटाला आणि छातीला घासून वर आणा, कोपरं बाहेर काढू नका. हात पुढे जात असतानाच पाय ओढा आणि किक मारा. दुसऱ्या स्ट्रोकमध्ये हात सर्वांत रुंद जागेवरून आत वळण्याआधी डोकं पृष्ठभागाबाहेर यायलाच हवं.

सुरुवातीनंतर १० ते १२ मीटरवर आणि टर्ननंतर ८ ते १० मीटरवर बाहेर येणं चांगलं. कोच बाजूने चालत व्हिडिओ घेत असतील, तर शरीर मंदावलं तो क्षण स्पष्ट दिसतो. बहुतेक मुली त्या क्षणानंतरही खालीच राहतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे तीव्र कोनात वर येणं: छाती उभी राहते आणि कमावलेला वेग तिथेच जातो.

स्ट्रोक

हात खांद्यांच्या रेषेमागे नेऊ नका. मागे गेले की पुढे आणायला उशीर होतो आणि किक हातांची वाट पाहत राहते. टाचा नितंबांकडे आणताना गुडघे साधारण नितंबांइतकेच उघडा. गुडघे फार फाकवले आणि पावलं गुडघ्यातून पिळली, तर गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं. वळण नितंबाच्या सांध्यातून यायला हवं. सरावात हे दुखणं सुरू झालं की किकचे सेट थांबवा, त्यावर पोहत राहू नका. एक पाऊल आत वळलं तर किक कात्रीसारखी होते आणि पंच बाद करतात. थकवा आला की ही चूक हमखास डोकावते.

वेगाची वाटणी

तुमची ५० मीटरची सर्वोत्तम वेळ ३२ सेकंद असेल आणि १०० मीटर १ मिनिट १० सेकंदांत पोहायचं असेल, तर पहिले ५० सुमारे ३३ मध्ये आणि दुसरे ३७ मध्ये, असा हिशेब ठेवा. पहिल्या अर्ध्यात स्ट्रोक मोजा. २१ लागले असतील तर परतताना २४-२५ ठीक. २८ झाले तर हातांची गती वाढली, पण पुढे सरकणं कमी झालं असं समजा. शेवटच्या १५ मीटरमध्ये सगळ्यांचीच घाई होते आणि किक पूर्ण मिटण्याआधीच पुढचा स्ट्रोक सुरू होतो. तिथे मनात एकच आठवण ठेवा: पाय मिटले, मगच हात.

टर्न आणि शेवटचा टच

दोन्ही हात एकमेकांपासून सुटे आणि एकाच क्षणी भिंतीला टेकले पाहिजेत. एक थोडा वर, एक खाली असला तरी चालतो. २०१९ च्या ग्वांग्जू जागतिक स्पर्धेत लिली किंगने १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, पण २०० मीटरच्या हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) पहिल्याच टर्नला दोन्ही हात एकत्र न टेकल्याबद्दल तिला बाद ठरवलं गेलं. जगज्जेतीचं असं होतं, म्हणून सरावातला प्रत्येक टच नियमानेच करा, अगदी वॉर्मअपमधलाही. टेकल्यावर एक कोपर बरगड्यांजवळ ओढा, गुडघे पोटाशी घ्या. भिंत सोडताना शरीर पालथं हवं.

शेवटच्या टचला स्ट्रोक अर्धवट आला, तर दोनच मार्ग: हात लांबवून तरंगत जाणं किंवा आखूड स्ट्रोक मारणं. अंतर हातभराहून जास्त असेल तर आखूड स्ट्रोकच मारा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीत मोना मॅकशॅरीने १:०५.५९ वेळेत कांस्य घेतलं, बेनेडेट्टा पिलाटो १:०५.६० वर चौथी राहिली. म्हणजे फरक फक्त ०.०१ सेकंदाचा.

याच्या सरावासाठी भिंतीपासून १२ मीटरवरून सुरू करून शर्यतीच्या वेगाने आठ टच घ्या, प्रत्येकात स्ट्रोक मोजा. त्यानंतर ८ × ५० मीटर, प्रत्येक फेरीची वेळ आणि स्ट्रोकची संख्या वहीत. वेळ तीच राहून आकडा एकाने कमी झाला, तरच पुढच्या आठवड्यात वेग वाढवा.