डीसीएफएच-डीए प्रोब: हिरवी चमक मोजण्याआधी

डीसीएफएच-डीए हा पेशीतलं ऑक्सिडेशन चमकेवरून मोजायचा प्रोब, म्हणजे सूचक रंग. तो स्वतः जवळपास चमकत नाही. पेशीत शिरला की तिथली एस्टरेज एन्झाइमं त्याचे ॲसिटेट गट कापतात, उरलेला डीसीएफएच आत अडकतो आणि त्याचं ऑक्सिडेशन झालं की हिरवा डीसीएफ तयार होतो. स्वस्त आणि सोपा म्हणून जो तो हाच वापरतो. त्याच्या आकड्यांतून नको ते अर्थही तितकेच काढले जातात.

4.87 मिलिग्रॅम पावडर 1 मिलिलिटर कोरड्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवली की 10 मिलिमोलर साठा होतो. 20-20 मायक्रोलिटरच्या नळ्या भरा, फॉइलमध्ये गुंडाळा, उणे 20 अंशांवर ठेवा. वितळवलेली नळी पुन्हा गोठवू नका.

आदल्या दिवशी काळ्या भिंतींच्या, पारदर्शक तळाच्या 96 वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला 20,000 ते 25,000 हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशी) टाका. कडेच्या वेलमधलं पाणी उडतं. तिथे नुसतं पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर द्रावण) भरा.

दुसऱ्या दिवशी माध्यम काढून कोमट एचबीएसएसने (पेशींसाठीचं क्षारांचं द्रावण) धुवा. ही पायरी टाळू नका: सीरममधली एस्टरेज प्रोबला बाहेरच कापतात आणि माध्यमातला फिनॉल रेड हा रंग पार्श्वभूमीची चमक वाढवतो. 1 मिलिलिटर एचबीएसएसमध्ये 1 मायक्रोलिटर साठा घालून लगेच व्होर्टेक्स करा, म्हणजे यंत्रावर जोरात ढवळा (10 मायक्रोमोलर). रेंगाळलात तर प्रोबचे कण बसतात. दर वेलला 100 मायक्रोलिटर, 37 अंश, अंधारात 30 मिनिटं. मग दोनदा धुवा, पिपेटचं टोक वेलच्या भिंतीला टेकवून; तळाशी धार सोडली तर पेशी सुटतात.

आता तपासायचं औषध घाला आणि 485/530 नॅनोमीटरवर (उत्तेजन/उत्सर्जन), तळाकडून, दर 5 मिनिटांनी तासभर वाचन घ्या. डीसीएफ हळूहळू बाहेर झिरपतो, त्यामुळे औषध 24 तास द्यायचं असेल तर प्रोब शेवटी भरा. पेशी फिक्स (रसायनाने मारून जागच्या जागी पक्क्या) करू नका. मायक्रोस्कोपखाली तर प्रकाशानेच प्रोबचं ऑक्सिडेशन होतं: फोकस ब्राइटफील्डमध्ये लावा, एक्स्पोजर कमीत कमी ठेवा.

कंट्रोलशिवाय या आकड्यांना काडीची किंमत नाही. 200 मायक्रोमोलर टर्ट-ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइड या ऑक्सिडीकारकाने सिग्नल चढला पाहिजे. तासभर आधी 5 मिलिमोलर एन-ॲसिटिल सिस्टीन हे अँटिऑक्सिडंट दिलं तर उतरला पाहिजे. मात्र ते आम्लधर्मी असतं, पीएच 7.4 करूनच वापरा. पेशींशिवाय प्रोब आणि औषध, तसंच प्रोबशिवाय पेशी आणि औषध हे दोन वेलही हवेतच. वनस्पतींचे अर्क तपासणाऱ्यांनी विशेष जपावं: हळदीतलं करक्युमिन स्वतःच हिरवट चमकतं आणि प्रोबच्याच तरंगलांबीच्या खिडकीत दिसतं. पेशी मेल्या की डीसीएफ गळतो, म्हणून शेवटी होएक्स्ट या डीएनए-रंगाने केंद्रकं रंगवून सिग्नल पेशीसंख्येने भागा.

एवढं करूनही सिग्नल दुप्पट झाला म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड दुप्पट झालं, असं लिहू नका. पेरॉक्साइड डीसीएफएचशी थेट जवळपास अभिक्रियाच करत नाही. मध्ये पेरॉक्सिडेज, लोह किंवा सायटोक्रोम-सी लागतं. अपॉप्टोसिसमध्ये (पेशीच्या नियोजित मृत्यूत) सायटोक्रोम-सी मायटोकॉन्ड्रियातून सुटतं आणि तेवढ्यानेही चमक वाढू शकते. वर प्रोबचं मधलं रॅडिकल ऑक्सिजनशी जुळून सुपरऑक्साइड बनवतं, म्हणजे मोजणाराच भर घालतो. निष्कर्षात ‘पेशीतलं ऑक्सिडेशन वाढलं’ इतकंच म्हणा.

नेमकं पेरॉक्साइडच हवं असेल तर बोरोनेट प्रोब (बोरॉनचा गट असलेले) घ्या. पण ते पेरॉक्सिनायट्राइट या दुसऱ्या ऑक्सिडीकारकाशी कितीतरी वेगाने जुळतात. हायपर हे पेशीतच बनवून घेतलं जाणारं, पेरॉक्साइड ओळखणारं चमकणारं प्रथिन अधिक नेमकं आहे, मात्र ते पीएचलाही प्रतिसाद देतं. म्हणून शेजारच्या वेलमध्ये सायफर कंट्रोल चालवा; ते हायपरचंच रूप, पण पेरॉक्साइडला नाही, फक्त पीएचला प्रतिसाद देतं.