साताऱ्यात सायकल आणताय? आधी चढ समजून घ्या

मी अकोल्याची. नोकरीत बदली होऊन साताऱ्याला आले त्याला तेरा वर्षं झाली. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आले आणि त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून माझी सायकलही आली. इथलं स्टेशन गावात नाही, माहुलीच्या अंगाला पाचेक किलोमीटर लांब आहे. बॅगा घेऊन भाऊ रिक्षानं पुढे गेला, मी सायकलवर निघाले. कृष्णेचा पूल ओलांडला आणि रस्ता जो वर वर जायला लागला तो गावातला पोवई नाका येईपर्यंत. दोनदा उतरून ढकलत गेले. अकोल्यात भर उन्हात रोज वीस किलोमीटर मारणारी मी, मला वाटलं प्रवासाचा शीण असेल. पुढच्या आठवड्यात पंक्चर काढायला बसले तेव्हा मिस्त्रीकाकांनी सायकल एकदा उचलून बघितली आणि म्हणाले, "ताई, ही सपाटीची हाय. चढाची न्हाय."

साताऱ्यातली निम्मी सायकलविद्या या एका वाक्यात आहे. दर पावसाळ्याच्या तोंडावर बदलीची मंडळी, एमआयडीसीत लागलेली मुलं, कॉलेजच्या मुली इथे येतात. बरेच जण गावाकडची सायकल आणतात आणि दिवाळीपर्यंत ती जिन्याखाली गंजत उभी दिसते. मला ते बघवत नाही. थोडी डागडुजी आणि एक-दोन भाग बदलले तर तीच सायकल तुम्हाला वरच्या कासच्या पठारापर्यंत नेईल.

सुरुवात खोली शोधण्यापासून करा. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतारावर वसलंय. गडाच्या बाजूला सरकाल तितका चढ. समर्थ मंदिराकडे भाडं परवडलं म्हणून घर घेतलंत आणि ऑफिस पोवई नाक्याला असेल, तर सकाळी पायडल न मारता खाली पोचाल, पण संध्याकाळी दमून परत येताना रोज चढ. सदर बझार, गोडोली, शाहूपुरी या बाजूंना तितका त्रास नाही. घर बघायला रिक्षानं जाऊ नका, सायकलनं जा. घरमालक "पाच मिनिटांवर आहे" म्हणतात ते दुचाकीच्या हिशेबानं. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जायला वरचा रस्ता आणि खालचा रस्ता असे दोन आहेत, लोक तसंच म्हणतात. गर्दीच्या वेळी दोन्हींवरून एकदा जाऊन बघा आणि मग आपला ठरवा.

आता गिअर. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण लोक पैसे भलतीकडे घालतात. कोणी कार्बनचं हँडल घेतं, कोणी चकचकीत पायडल. साताऱ्यात पहिला खर्च फ्रीव्हीलवर, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर करा. साध्या गिअरच्या सायकलला मागे बहुतेक १४ ते २८ दात्यांचं सात चकत्यांचं फ्रीव्हील असतं. पुढच्या सगळ्यात लहान चकतीला २८ दाते असतील, तर सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पायडल एकदा फिरवलं की चाकही एकदाच फिरतं. २६ इंची चाक म्हणजे साधारण दोन मीटर अंतर. मागे १४ ते ३४ चं मेगारेंज फ्रीव्हील बसवलं की तेच अंतर पावणेदोन मीटरच्याही आत येतं. कागदावर फरक एवढासा दिसतो, पण कासच्या वाटेवरच्या यवतेश्वर घाटाच्या वळणांवर हाच फरक बसून जाणं आणि उतरून ढकलणं यातला असतो. त्यात २४ वरून एकदम ३४ वर उडी आहे, त्यामुळे शेवटचा गिअर पडताना पायाला झटका बसतो. चढ लागायच्या आधीच टाकायचा, म्हणजे सवय होते. फ्रीव्हील बदलताना दोन गोष्टी विचारून घ्या: मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दाते पेलतो का, आणि चेन पुरते का. जुन्या मापाची चेन मोठ्या चकतीवर ताणली गेली की डिरेलर वाकतो, आणि तो खर्च फ्रीव्हीलपेक्षा मोठा आहे.

एकाच गिअरची सायकल असेल तरी हिरमुसू नका. मागचं १८ दात्यांचं काढून २० किंवा २२ चं बसवता येतं. सपाटीवर थोडी सावकाश पळेल, पण चढ सुसह्य होईल. इथे दूध घालणारे, पेपर टाकणारे वर्षानुवर्षं अशाच सायकलींवर चढ चढत आलेत.

नवीन सायकल घेणार असाल तर माझा अनुभव ऐका. दुसऱ्या वर्षी मी एका दुकानातून पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल घेतली. "डोंगराळ भाग आहे, हीच लागेल," असं तिथे पटवून सांगितलं. वजनाला जड, आणि चढावर प्रत्येक पायडलला मागची स्प्रिंग दबायची. माझी अर्धी ताकद स्प्रिंग दाबण्यात जायची. वर्षभरात ती विकली, निम्मे पैसेही आले नाहीत. डांबरी रस्त्यानं चढायचं असेल तर ताठ चिमट्याची, म्हणजे पुढेही स्प्रिंग नसलेली, हलकी सायकल घ्या. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर असले की खड्ड्यांचं टायरच बघून घेतात.

ब्रेकविषयी मी हट्टानं बोलते. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात यवतेश्वर घाट उतरताना ब्रेकचं रबर संपून आतला धातू रिमला लागला. कर्र असा आवाज आला आणि सायकल थांबेना. वळणाच्या आधी डोंगराच्या बाजूच्या गवतात घातली म्हणून वाचले. गुडघ्यावर खूण अजून आहे. महिन्यापूर्वी बघितलं तेव्हा रबर अर्धं शिल्लक होतं, मग एवढ्यात कसं संपलं? कारण मातीत आहे. कासचं पठार जांभ्या दगडाचं. पावसात त्या तांबड्या मातीची बारीक रेव रिमवर चढते आणि ब्रेक दाबला की सँडपेपरसारखी रबर घासते. अकोल्यात मी दोन-दोन वर्षं रबर बदलत नव्हते. इथे जून ते सप्टेंबर दर रविवारी बोटानं चाचपून बघा. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की बदलायची वेळ झाली. रबरात अडकलेले खडे सुईनं काढा, रिम ओल्या फडक्यानं पुसा. उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका, वळणाआधी दाबा आणि सोडा, दोन्ही हातांनी. ओल्या रिमवर पहिली एक-दोन फिरकी ब्रेक नुसतं पाणी पुसतो, पकड नंतर येते, म्हणून आधीपासून दाबायला सुरुवात करायची. डिस्कब्रेक पावसात भरवशाचा, पण चेनला तेल घालताना त्या चकतीवर थेंबही उडू देऊ नका. एकदा तेल लागलं की पॅड तेल पितात आणि ब्रेक ओरडत राहतो.

आता मिस्त्री. रस्त्याकडेच्या टपरीत पंप आणि पाण्याचं घमेलं घेऊन बसणारे जुने मिस्त्री म्हणजे या गावाची श्रीमंती आहे. चाकाचा आउट म्हणजे वाकडेपणा काढणं, हबचे छर्रे बदलून ग्रीस भरणं, ते छर्रे धरून ठेवणारा कोन (कोन नट) नेमका घट्ट करणं, तुटलेला स्पोक घालणं ही कामं त्यांच्याकडेच द्या. हातात चाक फिरवून नुसत्या नजरेनं आउट काढणारी माणसं आहेत ही. पण डिरेलरची जुळणी किंवा ऑइलचा डिस्कब्रेक त्यांच्या रोजच्या हाताखालचा नाही. तो आग्रह धरू नका. गिअर जुळवणं तुम्ही स्वतः शिका. दहा मिनिटांचं काम आहे. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरत असेल, तर डिरेलरजवळ केबल जिथे शिरते तिथला फिरता नट घड्याळाच्या उलट दिशेनं अर्धा फेरा फिरवा, पुन्हा गिअर टाकून बघा. केबलला ताण येतो आणि चेन चढते. लहान चकतीवर उतरायला अडत असेल तर उलटं करा. तरीही गिअर अडखळत असले तर दोष बहुतेक केबलचा. पावसाचं पाणी आवरणात शिरून तार आतून गंजते. मी दर दसऱ्याच्या तोंडावर केबल आणि आवरण दोन्ही बदलते, खंडेनवमीला सायकलची पूजा करायच्या आधी.

मिस्त्रीकाकांशी घासाघीस करू नका. पहिल्या भेटीत "पावनं कुठलं?" असं विचारतील, नीट सांगा. माझं अकोला ऐकून काकांनी तिकडच्या उन्हाची चौकशी केली आणि त्या दिवसापासून मी त्यांची अकोल्याची ताई झाले. परक्या गावात आपल्या नावाआधी आपलं गाव कोणी लक्षात ठेवलं तर किती आधार वाटतो, ते तुम्हालाही कळेल.

चेन मोजायची त्यांची पद्धत मी तुम्हाला देते. फूटपट्टीचा शून्य एका रिव्हेटच्या मध्यावर धरा. नव्या चेनमध्ये तिथून चोविसावं रिव्हेट बरोबर १२ इंचांवर येतं. अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे गेलं की चेन बदला. पूर्ण एक सूत पुढे जाईपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचे दातेही झिजलेले असतात, आणि नवी चेन त्यावर सटकते. म्हणजे चेनचे पैसे वाचवायला गेलात तर फ्रीव्हीलचेही द्यावे लागतात. तेलाचं म्हणाल तर शिलाई मशीनचं तेल उन्हाळ्यात ठीक, पण पावसात एका फेरीत धुऊन जातं. पावसासाठी चेनचं जाडसर तेल घ्या, प्रत्येक कडीवर एक थेंब, मग बाहेरून कोरडं पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल फक्त माती गोळा करतं. मडगार्ड दोन्ही चाकांना हवेच, मागचं लांब असू दे.

या जिल्ह्याचे दोन चेहरे आहेत, हे आल्याबरोबर कळत नाही. पश्चिमेला पाऊस, धुकं, तांबडी माती. पूर्वेला कोरेगाव, खटाव, माणकडे गेलात की मोकळं आभाळ, बाभळी आणि सराटे. सराट्याचा काटा आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना नवा नाही. रस्त्याच्या मातीत सायकल उतरवली की गेलीच. तिकडे जाताना जास्तीची ट्यूब, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या (टायर लिव्हर) आणि छोटा पंप घ्या. ट्यूबचा वॉल्व्ह पातळ असेल तर पितळी अडॅप्टर पिशवीत ठेवा, नाहीतर पेट्रोलपंपावर हवा असूनही भरता येणार नाही. पंक्चर काढून झाल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा, मगच ट्यूब घालायची.

दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू होतो. शेंद्र्याच्या कारखान्याकडे आणि कोरेगावच्या रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या अंधारातही चालतात, आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या कांड्यावरून चाक घसरतं. त्या चार महिन्यांत पहाटेच्या अंधारात त्या बाजूला जाऊ नका, उजाडल्यावर निघा. पुढे पांढरा, मागे लाल दिवा बारा महिने लावा. सज्जनगडच्या वाटेवरच्या बोगद्यात तर दिवसाही लागतो.

मुलींना वेगळं सांगते. ओढणी चेनमध्ये जाते, म्हणून चेनकव्हर काढू नका, कितीही जण म्हणाले "स्पोर्टी दिसत नाही" तरी. कुर्ता, आणि ओढणीऐवजी अंगाला बसणारं जाकीट, एवढंच पुरे. घाटात सुरुवातीला एकट्या जाऊ नका. सकाळी साडेपाच-सहाला यवतेश्वरच्या रस्त्याला चालणारे, पळणारे भेटतात, कारण सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणारी मंडळी त्याच चढावर असतात. पंधरा दिवस रोज दिसलात की नावानं हाक मारायला लागतात.

पहिले दोन महिने मोठ्या घाटाला हात लावू नका. माहुलीच्या संगमापर्यंत जा, परतीचा चढ हाच सराव. मग लिंबची बारामोटेची विहीर. तीनशे वर्षांपूर्वीचं बांधकाम आहे, पायऱ्या उतरून आत गेलात की घाम तिथेच वाळतो. त्यानंतर सज्जनगड. बोगद्यातून पलीकडे गेलात की रस्ता उतरतो, त्या उताराच्या आनंदात एक लक्षात ठेवा की येताना तोच चढायचा आहे. पाणी आणि दोन राजगिऱ्याचे लाडू परतीसाठी राखून ठेवा. कास सगळ्यात शेवटी. पंचवीस किलोमीटर, साधारण पाचशे मीटरची चढाई, त्यातली बरीचशी सुरुवातीच्या घाटातच. फुलांच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग असते. मंगळवारी किंवा बुधवारी उजाडता उजाडता निघा.

आणि सायकल रेल्वेनं आणणार असाल तर पायडल काढून पिशवीत घाला, बाकीच्या सामानात अडकत नाहीत. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, उजवीकडे फिरवलं की सुटतं. इथे उतरल्यावर बसवताना आट्यांना बोटभर ग्रीस लावा. स्टेशनबाहेर पडलात की लगेच पुलाकडे निघू नका. टायर दाबून बघा, ब्रेक दाबून बघा, आणि गिअर सगळ्यात हलका करून ठेवा.