फोटोची प्रिंट कापली का जाते? या चुका टाळा

आजीच्या पंच्याहत्तरीला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. भाच्याने त्याच्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. आजी मधोमध, दोन टोकांना दोघी आत्या. मी तो ८×१० इंचांत छापून घेतला, फ्रेम केली आणि आजीच्या हातात दिली. तिने पदराने काच पुसली, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "धाकटी कुठंय गं?" धाकट्या आत्याचा फक्त खांदा उरला होता. थोरलीचा अर्धा चेहरा.

मी तशीच लॅबमध्ये गेले. तिथल्या मुलाने फाइल उघडून दाखवली, तर दोघीही त्यात पूर्ण होत्या. फोटो शाबूत होता, मी निवडलेला कागदच त्या आकाराचा नव्हता.

आकार लहान-मोठा नसतो, लांबट किंवा आखूड असतो

सगळा घोळ इथे होतो. ८×१० हा ४×६ पेक्षा मोठा, म्हणजे त्यात जास्त मावेल असं आपण धरून चालतो. पण बघायचं असतं ते लांबीला रुंदीने भागून. डीएसएलआरचा फोटो ३:२, म्हणजे लांबी रुंदीच्या दीडपट. हे प्रमाण ३५ मिमी फिल्मपासून चालत आलंय. त्या रोलवरची एक चौकट ३६×२४ मिमीची असायची. ८×१० चा कागद मात्र सव्वापटच लांब आहे. आठ इंच उंची भरेल इतका फोटो मोठा केला की त्याची लांबी बारा इंच होते, आणि कागद दहाच इंच. दोन्ही बाजूंचा एकेक इंच बाहेर पडतो. चित्राचा सहावा हिस्सा गेला, आणि आमच्या घरात त्या एकेका इंचात आत्या उभ्या होत्या.

हीच फाइल ४×६, ८×१२ किंवा १२×१८ वर छापली तर काही कापलं जात नाही, कारण हे तिन्ही कागद दीडपट आहेत. ५×७ वर थोडंसं जातं, सुमारे पंधरावा भाग.

फोनचा हिशोब वेगळा. बहुतेक फोन ४:३ मध्ये फोटो काढतात. हा आकार चौरसाच्या जरा जवळचा, म्हणून तो ४×६ वर नीट बसत नाही. सहा इंच लांबी भरायची तर उंची साडेचार इंच लागते आणि कागद चारच इंच, म्हणजे नववा भाग गेला. आडवा फोटो असेल तर वरून-खालून कापला जातो: मागे उभ्या उंच मंडळींची डोकी आणि पुढे बसलेल्या मुलांचे पाय. उभा असेल तर डावी-उजवी बाजू जाते. गणपतीच्या आराशीचा उभा फोटो छापून आणला की दोन्हीकडच्या समया गायब होतात, त्या अशा. फोनच्या फोटोला ६×८ हा कागद तंतोतंत जुळतो. विचारून बघा, पुष्कळ लॅबमध्ये मिळतो.

"फुल" म्हणण्याची चूक

काउंटरवर विचारतात, "बेन, फुल करूं के बॉर्डर राखूं?" आपण घाईत "फुल" म्हणतो. आपल्या मनात असतं की फोटो पूर्ण यावा, आणि त्यांच्या भाषेत फुल म्हणजे कागद पूर्ण भरणं. कागद भरायचा तर फोटो कापावाच लागतो, आणि मशीन सहसा मध्य धरून दोन्हीकडून सारखं कापतं. कोणाचं डोकं कुठे आहे हे त्याला कळत नाही. पूर्ण फोटो हवा असेल तर "बॉर्डर ठेवा, क्रॉप करू नका" असं सांगा. फोनच्या फोटोला ४×६ वर दोन बाजूंना साधारण एक तृतीयांश इंचाची पांढरी पट्टी येते. मला ती अजिबात खटकत नाही. हवी तर नंतर कटरने कापून टाकता येते. कापलेला माणूस त्या प्रिंटवर परत आणता येत नाही.

"ताणून बसवा" असं मात्र कधीच सांगू नका. मग चेहरे रुंद किंवा लांबुडके दिसतात, आणि ते फार वाईट दिसतं.

फोटो काढताना

माणसांच्या बाजूला आणि डोक्यावर मोकळी जागा सोडा. खरा उपाय एवढाच आहे. चौकट गच्च भरून काढलेला फोटो एकाच आकारात धड छापता येतो. रांग लांबत असेल तर दोन रांगा करा आणि वडीलधाऱ्यांना टोकाला उभं करू नका.

फोनमध्ये १६:९ ची सेटिंग ठेवली तर फोटो रुंद दिसतो, म्हणून लक्ष्मी विलास पॅलेससमोर गेल्यावर पुष्कळ जण ती लावतात. पण बहुतेक फोनमध्ये ती ४:३ चीच वरची-खालची पट्टी छाटलेली असते, आणि ४×६ वर छापताना लांबीतून पुन्हा एक इंचाहून जास्त जातं. ४:३ वरच ठेवा.

लॅबमध्ये जाण्याआधी

गॅलरीत फोटोची एक कॉपी करून घ्या. मग एडिटमध्ये जाऊन क्रॉपला ३:२, ५:७ किंवा ४:५ यांपैकी हवं ते प्रमाण लावा (८×१० साठी ४:५) आणि चौकट स्वतःच्या हाताने सरकवा. काय जाणार ते तिथेच दिसतं. मूळ फाइलला हात लावू नका. लॅबला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि स्क्रीनशॉट तर मुळीच नको.

फ्रेम आधी विकत घेऊन मग तिच्यात फोटो बसवणं हीसुद्धा चूकच. शिवाय फ्रेमच्या पट्टीची कड चारी बाजूंनी काही मिलिमीटर झाकते, आणि बिनबॉर्डरची प्रिंट काढताना मशीनही कडेचा थोडा भाग खातं. कडेला लिहिलेली तारीख हमखास जाते ती यामुळे.

प्रिंट आधीच कापली गेली असेल तर

मूळ फाइल शोधा. कापलं गेलंय ते कागदावर. अल्बममधल्या जुन्या फोटोंची निगेटिव्ह ट्रंकेत असतील तर तीही टाकू नका. ३५ मिमीची निगेटिव्ह दीडपट लांब आणि तेव्हाची साडेतीन बाय पाचची प्रिंट त्याहून आखूड, त्यामुळे कडेचं थोडं चित्र अजून निगेटिव्हमध्येच आहे. बाबांच्या मुंजीची निगेटिव्ह स्कॅन करून घेतली, तेव्हा प्रिंटच्या कडेला अर्धवट दिसणारा हात कोणाचा ते कळलं. मनगटावरच्या गोठावरून आजीने लगेच ओळखलं, तिच्या सासूबाईंचा.