दशांश अपूर्णांक शिकवण्याआधी मुलांना काय येते ते पाहा

नवा पाठ सुरू करताना "मागच्या वर्षी हे झाले आहे ना?" असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो आणि त्या होकारातून शिक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा आदल्या दिवशी तासाची शेवटची दहा मिनिटे राखून दोन-तीन नेमके प्रश्न कागदावर सोडवून घ्यावेत, उत्तराशेजारी कारण लिहायला सांगावे आणि त्यांना गुण देऊ नयेत. ०.१५ आणि ०.९ यांतील मोठी संख्या कोणती, हा प्रश्न अवश्य ठेवावा. ०.१५ मोठी म्हणणारे मूल निष्काळजी नसते. पूर्ण संख्यांत १५ हे ९ पेक्षा मोठे असतात, हा अंगवळणी पडलेला नियमच ते नव्या जागी लावत असते.

ठाण्यातील मुलांची आणखी एक अडचण लोकलमुळे होते. घरात मोठी माणसे ८.१५ ची गाडी म्हणतात, म्हणजे सव्वाआठची. साहजिकच अडीच ही संख्या कशी लिहाल, असे विचारल्यावर काही वह्यांत २.३० उमटते. हे खोडून पुढे जाऊ नये. फळ्यावर शेजारी शेजारी सव्वा तास आणि सव्वा मीटर लिहावे, पहिल्यापुढे १ तास १५ मिनिटे, दुसऱ्यापुढे १ मीटर २५ सेंटिमीटर मांडावे, आणि 'सव्वा' तोच असताना एकीकडे १५ व दुसरीकडे २५ का, यावर मुलांनाच बोलू द्यावे. ६० चा पाव भाग आणि १०० चा पाव भाग वेगळे, हे वर्गातूनच आले की १.२५ हे लेखन समजावणे सोपे जाते. मात्र सव्वा, पाऊण हे शब्द सर्वांना ठाऊक असतील असे गृहीत धरू नये; तेही आदल्या दिवशीच्या कागदावर तपासावेत.

रुपये-पैशांचे उदाहरण अनेक शिक्षकांच्या तोंडी असते, पण २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून बाद झालेले असल्यामुळे ते पूर्वज्ञान शिक्षकाचे आहे, मुलांचे नव्हे. त्यांच्या हाताशी मोजपट्टी असते, तीच वापरावी.

पाठ संपल्यावर १.४ मीटर आणि १.३५ मीटर यांतील अधिक लांबी कोणती, हे आधी कागदावर लिहून घ्यावे आणि मगच टेपवर मोजायला लावावे. ज्यांना आदल्या दिवशीच सगळे येत होते, त्यांना तीच उजळणी न देता इतरांसाठी असे फसवे प्रश्न तयार करायला द्यावेत.